सिलौआत माळढोक नाही

दुर्गाताई टेंबे यांनी आणि मी ग्वाल्हेरच्या एकाच कॉलेजात एकोणीस वर्षं शिकवलं. त्या प्राणिशास्त्र, मी इतिहास. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच मराठी, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डबा एकत्र झाला. त्या जयेंद्रगंजात आईबरोबर राहत, मी खासगी बाजार नावाच्या वस्तीत. सोमवारी त्यांचे ओठ फुटलेले आणि ओढणीला कुसळं चिकटलेली दिसली, की शनिवार-रविवार कुठे गेला ते विचारायची गरज नसे. त्या सिलौआला जाऊन आलेल्या असत.

सिलौआ ग्वाल्हेरहून साठेक किलोमीटरवर. सपाट, खडकाळ गवताळ माळ, कडेला चार-पाच गावं. तिथे माळढोक होते, म्हणून सरकारने तिथे अभयारण्य केलं. माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेइतका उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत जड असणाऱ्यांपैकी एक. गावातले लोक त्याला सोनचिरैया म्हणत. एकोणनव्वद साली एका संशोधन प्रकल्पात दुर्गाताईंना पक्षी मोजायचं काम मिळालं, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. प्रकल्प तीन वर्षांत संपला, सगळे आपापल्या गावी गेले. दुर्गाताईंना कॉलेजात नोकरी लागली आणि त्या बसने जाऊन मोजतच राहिल्या. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झालं नाही. त्यांची आई शांताताई मला म्हणायच्या, "अगं, दोन स्थळं आली होती चांगली. पण ही म्हणाली, पावसाळ्यात मला वेळ नाही. पावसाळ्यात पाखरं अंडी घालतात ना!"

पहिल्या वर्षी त्यांनी तेवीस माळढोक मोजले होते.

हे मोजणं त्यांना शिकवलं हरविलासने. हरविलास बघेल सिलौआचा मेंढपाळ, दुर्गाताईंपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. माळावर कुठला पक्षी कुठे चरतो, नर कुठल्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो, हे त्याला मेंढरांच्या मागे फिरून ठाऊक होतं. दुर्गाताईंकडे दुर्बीण होती, पण कुठे बघायचं ते तो सांगे. त्याची बायको कुसमा दोघांना बाजरीची भाकरी बांधून देई. हरविलास दुर्गाताईंना बैनजी म्हणे.

सत्त्याण्णव साली सिलौआत वीज यायची होती. खांबांची आखणी झाली. अभयारण्य असल्यामुळे कुणा जाणकाराचं मत हवं होतं, आणि ते कागद फिरत फिरत दुर्गाताईंकडे आले. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आपटला की संपला. तेव्हा नऊ पक्षी उरले होते. दुर्गाताईंनी एक पानभर लिहून दिलं, की ही तार टाकू नये.

पत्र पाठवायच्या आधी त्या सिलौआला गेल्या आणि हरविलासला ते वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तार से मरत है का?" त्याने विचारलं.

"मरता है. उड़ते वक़्त तार दिखता नहीं उसको."

हरविलासने माळाकडे बघितलं. मग म्हणाला, "तो मत आन दो तार. इत्ते दिन नहीं थी, अब का."

तार आली नाही. पाच गावं पुढची सतरा वर्षं अंधारात राहिली. अभयारण्याच्या नियमांमुळे त्यांना आपली जमीनही विकता येत नव्हती. शिकार थांबल्यामुळे काळविटांचे कळप वाढले आणि हरभऱ्याच्या शेतात शिरू लागले. सकाळी शेतावर गेलं की अर्धं पीक खाल्लेलं असे. ज्या पक्ष्यासाठी हे सगळं होतं तो मात्र दर वर्षी कमीच होत होता. गावात दुर्गाताईंना चहा मिळे, पण पहिल्यासारखा आग्रह होत नसे.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात कुसमाला साप चावला. तिन्हीसांजेला ती गोठ्यात कडबा काढायला गेली होती. चिमणीतलं रॉकेल संपलेलं, म्हणून अंदाजानेच हात घातला. रस्ता चिखलाचा, ट्रॅक्टर नाल्यात अडकला. दवाखाना दिसायच्या आधीच ती गेली. धाकटा मुलगा लखन तेव्हा नऊ वर्षांचा होता.

दुर्गाताई तेराव्याला गेल्या. त्यांना हरविलासशी त्या पत्राबद्दल बोलायचं होतं. पण आधी तोच बोलला. "साँप तो उजियारे में भी काटत है, बैनजी," तो म्हणाला, आणि उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेला. मला ही गोष्ट दुर्गाताईंनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. म्हणाल्या, "त्याने मला माफ केलं की मला गप्प केलं, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही."

मी कॉलेजात आले तेव्हा सिलौआत तीन माळढोक होते. दोन हजार चार साली शेवटचा नर दिसला. मग एकच मादी उरली.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये, कॉलेज सुरू होऊन दहा दिवस झाले असतील, हरविलासचा फोन आला. तो तालुक्याच्या गावी येऊन बूथवरून बोलत होता. दुर्गाताई ऑफिसात फोन घ्यायला गेल्या आणि परत आल्या त्या जवळजवळ धावतच. "निधी, अंडं घातलंय तिने! तिने अंडं घातलं!" त्यांना रडू येत होतं आणि हसूही. त्यांनी जागच्या जागी रजेचा अर्ज लिहिला.

"पण नर कुठेय?" मी विचारलं. मला पक्ष्यांतलं फार कळत नव्हतं, तरी एवढं कळत होतं.

"असेल. कुठून तरी आला असेल. हे पक्षी लांब लांब जातात गं. आम्हाला दिसला नाही म्हणजे आलाच नाही असं थोडंच आहे?"

माळढोक घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवतात, एकच अंडं. कुत्रं आलं, गाय चुकून पाय देऊन गेली, की संपलं. त्या पावसाळ्यात सिलौआने जे केलं ते मी स्वतः पाहिलं आहे, कारण दोन रविवार मीही गेले होते. हरविलासने पाचही गावांच्या मेंढपाळांना एकत्र बोलावलं. काय बोलला कोण जाणे, पण सगळ्यांनी आपल्या कळपांची वाट बदलली. नाल्याला वळसा घालून दोन मैल जास्त. बायकांनी गावातली कुत्री बांधून ठेवली. ज्या माणसांना या पक्ष्याने दिवाही लागू दिला नव्हता, ती माणसं हळू आवाजात एकमेकांना विचारत, "बैठी है?" आणि उत्तर मिळे, "बैठी है."

आम्ही तीनशे पावलांवर करवंदीच्या जाळीआड बसायचो. पाऊस आला तरी ती हलायची नाही. मान जमिनीला टेकवून, पंख थोडे पसरून, अंगावरून पाणी ओघळू द्यायची. दिवसातून दोनदा थोडं चरून यायची आणि पुन्हा बसायची.

सत्तावीस दिवसांत पिल्लू बाहेर यायला हवं. अठ्ठाविसाव्या दिवशी दुर्गाताई म्हणाल्या, पावसाच्या गारव्यामुळे उशीर होतो कधीकधी. बत्तिसाव्या दिवशी त्यांनी वही काढून दिवस पुन्हा मोजले. छत्तिसाव्या दिवशी हरविलास म्हणाला, "बैनजी, खाली है." दुर्गाताई त्याच्यावर ओरडल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

मादी एकेचाळीस दिवस बसली. बेचाळिसाव्या दिवशी सकाळी चरायला गेली ती परत अंड्यावर आली नाही. दुर्गाताईंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग जाऊन अंडं उचललं. त्यांनी आणि हरविलासने ते नाल्याकाठी दगडावर ठेवून फोडलं. आत नुसतं सडलेलं पाणी. त्यात काही सुरूच झालं नव्हतं.

दीड वर्षाने, फेब्रुवारीत, ती मादी मेली. अभयारण्याच्या हद्दीबाहेर हायवेला समांतर मोठी विजेची लाईन गेली होती, नव्या कारखान्यांसाठी. त्या लाईनबद्दल कुणी कुणाचं मत विचारलं नव्हतं. हरविलासला ती त्या तारांखाली गव्हात पडलेली सापडली, एक पंख मुळापासून तुटलेला. दुर्गाताई पोहोचल्या तोवर त्याने तिच्यावर आपलं उपरणं घातलं होतं.

त्यानंतरही त्या मोजायला जात राहिल्या. डिसेंबरात एकदा, पावसाळ्यात एकदा. वहीत तारीख, वेळ, वारा, ढग, चाललेलं अंतर आणि पुढे शून्य. अकरा वर्षं. मी एकदा विचारलं, "काय फायदा?" त्या म्हणाल्या, "नाही हेसुद्धा कुणीतरी बघून सांगायला हवं ना. घरी बसून नाही म्हणणं वेगळं."

सरकारी अहवालांत मात्र दर वर्षी छापून येई की पक्ष्याच्या अस्तित्वाची शक्यता आहे. शक्यता होती तोवर अभयारण्य होतं.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत अंशुल नावाचा एक तरुण अधिकारी जयेंद्रगंजात दुर्गाताईंच्या घरी आला. मी तिथेच होते. अंशुल आपल्यातलाच, ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या जाधवांचा मुलगा, अदबीने वागणारा. गावकरी अनेक वर्षं मागणी करत होते की अभयारण्य रद्द करा. आता जनसुनावणी ठरली होती आणि त्याला पुरावा हवा होता.

"मॅडम, इतका कन्टिन्युअस रेकॉर्ड किसी के पास नहीं है. तुम्ही फक्त एक स्टेटमेंट देऊन टाका की पक्षी नाहीये. बाकी हम देख लेंगे."

"रद्द झाल्यावर माळाचं काय होणार?" दुर्गाताईंनी विचारलं.

अंशुलने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, ते माझ्या हातात नाहीये," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून केदारचा फोन आला. तो एकोणनव्वदच्या त्या प्रकल्पातला त्यांचा सहकारी, आता मोठा शास्त्रज्ञ झालेला. त्याला सुनावणीचं कळलं होतं. तो दुर्गाताईंना काय म्हणाला ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "दुर्गा, शून्य म्हणू नकोस. 'पुरेसा पुरावा नाही' एवढंच म्हण. सिलौआत लांडगे आहेत, खोकड आहेत, चिंकारा आहे. त्यांच्या नावाने अभयारण्य नाही, माळढोकाच्या नावाने आहे. ते नाव गेलं की सगळंच गेलं. एक वाक्य जरा संदिग्ध ठेवलंस तर कुणाचं काय बिघडतं?"

"तो चूक सांगत नाहीये," दुर्गाताई म्हणाल्या. "लांडग्याची वीण मी स्वतः पाहिली आहे गेल्या वर्षी. चार पिल्लं." मग थोड्या वेळाने, "पण कुणाचं काय बिघडतं, हे त्याने कुसमाला विचारावं."

सुनावणी सिलौआच्या शाळेच्या पटांगणात झाली. तंबू, सतरंज्या, टेबलापाशी साहेब लोक. पाच गावांतली चारशे माणसं असतील. तोवर वीज आलेली होती, माईक लावला होता. एकेक जण उठून बोलत होता: काळविटांनी खाल्लेला हरभरा, न झालेला रस्ता, न विकता येणारी जमीन. मग लखन उठला. हरविलासचा मुलगा आता एकोणतीस वर्षांचा होता. त्याने माईक हातात घेतला आणि साहेबांकडे न बघता थेट दुर्गाताईंकडे बघून बोलला.

"मेरी अम्मा अँधेरे में मरी. क्योंकि एक मैडम ने चिट्ठी लिखी थी. मैडम यहीं बैठी हैं. वो बता दें, उनकी चिरैया कहाँ है?"

हरविलास पहिल्या ओळीत बसला होता. त्याने मान खाली घातली.

दुर्गाताई उठल्या. माईकपर्यंत चालत गेल्या. बोलल्या हिंदीतच. म्हणाल्या, ते पत्र माझंच होतं. त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं. तारेने पक्षी मरतो, आणि शेवटचा पक्षी तारेनेच मेला, फक्त तुमच्या नाही, दुसऱ्याच तारेने. अकरा वर्षांत मी इथे बावीस वेळा मोजलं. सिलौआत माळढोक नाही. त्याच्या नावाने तुम्हाला अडवून ठेवण्याचं कुठलंही कारण माझ्याकडे उरलेलं नाही.

क्षणभर कुणाला कळलं नाही की झालं काय. मग टाळ्या सुरू झाल्या. माणसं उठून उभी राहिली, कुणीतरी जयजयकार केला. एका म्हाताऱ्या बाईने येऊन दुर्गाताईंच्या पायाला हात लावला. मी त्यांच्या शेजारीच होते. माईक खाली ठेवताना त्यांच्या हातून टेबलावर आपटला आणि सगळ्या तंबूत त्याचा आवाज घुमला.

परतताना बसमध्ये त्या एवढंच बोलल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या."

वर्षभराने अभयारण्य रद्द झाल्याची अधिसूचना निघाली. दुर्गाताईंचं विधान त्यात एका ओळीत होतं. त्यांच्या तीस वर्षांच्या वह्यांपैकी अंशुलने शेवटच्या अकरा वर्षांची पानं स्कॅन करून घेतली. बाकीच्या दुर्गाताईंनी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊ केल्या. तिथून उत्तर आलं नाही. त्या मुदतीआधीच निवृत्त झाल्या, शांताताई गेल्या, आणि सिलौआला जाणं थांबलं.

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात त्याच म्हणाल्या, "चल, एकदा बघून येऊ."

भाड्याची गाडी केली. फाट्यापासूनच रस्ता डांबरी होता. माळ मात्र सापडत नव्हता. जिथे आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो होतो तिथे काँक्रीटची भिंत होती, आणि तिच्या पलीकडे दगड फोडायचं यंत्र चाललं होतं. पांढरी धूळ झाडांवर, भिंतीवर, आमच्या केसांत. जमिनी विकायची मुभा मिळाल्यावर बाहेरचे लोक आले होते. पहिल्या वर्षी भाव बरा मिळाला म्हणून सगळ्यांनी घाईने विकलं. मग पाणी खाली गेलं, उरलेली शेतं धुळीने भरली, आणि ज्यांनी विकलं नव्हतं त्यांनाही मिळेल त्या किमतीला विकावं लागलं. सिलौआतली अर्धीअधिक घरं कुलूपबंद होती.

रस्त्याच्या कडेला एक लांडगा मेलेला पडला होता. डंपरखाली आला असावा, दोन दिवसांपूर्वी. यंत्रावरचा चौकीदार म्हणाला, "ये तीसरा है मैडम, दिवाली से." दुर्गाताईंनी सवयीने पर्स उघडली, पेन काढलं. मग माझ्याकडे बघितलं. "कुणाला कळवायचं?" त्यांनी विचारलं. पूर्वी रेंजरला कळवायचं असे. आता तिथे रेंजर नव्हता, ते अभयारण्य नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांनी पेन परत ठेवून दिलं.

हरविलास कुठे आहे हे किराणावाल्याने सांगितलं. तो आमच्याच शहरात होता. लखनने सगळं विकून बिर्ला नगरात, बंद गिरणीच्या मागच्या चाळीत खोली घेतली होती आणि तो कुठल्याशा गोदामात कामाला जात होता. आम्ही पुढच्या रविवारी गेलो. अंधारी बारा बाय दहाची खोली, बाहेर गटार. हरविलास दारातल्या खाटेवर बसला होता. धुळीने छाती भरलेली, बोलताना धाप लागत होती. मेंढरांचं विचारलं, तर हाताने 'गेली' अशी खूण केली. शेवटची चाळीस एकदम विकली होती, कारण चारायला जागा नव्हती.

सुनेने चहा दिला. मग दुर्गाताई म्हणाल्या, "हरविलास, मैंने सच बोला था. मुझे लगा तुम लोगों का भला होगा."

हरविलासने कप खाली ठेवला. "जानत हूँ," तो म्हणाला. धाप ओसरेपर्यंत थांबला. "पर झूठ बोल देतीं, बैनजी. एक बेर बोल देतीं."

तो रागावलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. दुर्गाताई अजून पंधराएक मिनिटं बसल्या, त्याच्या औषधाची चिठ्ठी वाचली, सुनेला एका डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. निघताना हरविलासने उठायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही.

फेब्रुवारीत तो गेला. लखनने कळवलं नाही. आम्हाला त्या डॉक्टरकडून समजलं.

दुर्गाताई अजून जयेंद्रगंजातच राहतात. कुठे जात नाहीत. मी संध्याकाळी कधी गेले तर त्या टीव्ही लावून बसलेल्या असतात, आवाज बंद. मागच्या महिन्यात कुणा मुलीचा फोन आला होता, गवताळ प्रदेशांवर संशोधन करते म्हणाली, जुना डेटा मागत होती. मला वाटलं दुर्गाताईंना बरं वाटेल. त्यांनी तिला पत्ता दिला, वह्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्या, आणि मला म्हणाल्या, "आली तर देऊन टाक. मला काही सांगायला लावू नकोस."

मुलगी अजून आलेली नाही.